आकडा रिपोर्टातला, दुखणं आपलं

पूर्वी घरात कुणाला बरं नसलं, की डॉक्टर नाडी बघायचे, जीभ बघायचे, डोळ्याची खालची पापणी ओढून रक्त आहे की नाही याचा अंदाज घ्यायचे आणि गरज वाटलीच तर रक्त तपासायला सांगायचे. आता क्रम उलटा झाला आहे. दिवाळी, महिला दिन, कुठलंही निमित्त पुरतं. सवलतीची पॅकेजेस निघतात. सकाळी सातला एक मुलगा घरी येतो, दोन-चार नळ्या रक्त घेऊन जातो आणि रात्रीपर्यंत मोबाइलवर वीस पानी रिपोर्ट हजर! काही आकडे काळ्या अक्षरांत, काही लाल. डॉक्टरांचा अजून पत्ताच नसतो.

मी ३१ वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. त्यामुळे आमच्या ठाण्याच्या सोसायटीत कुणाचा रिपोर्ट आला, की तो बहुधा माझ्या घरावरून पुढे डॉक्टरांकडे जातो. मी डॉक्टर नाही आणि कुणाला औषधही सांगत नाही. पण कागदावर काय लिहिलं आहे ते समजून घेतलं, तर डॉक्टरांशी चार शब्द नीट बोलता येतात, एवढं मला पक्कं ठाऊक आहे. अलीकडे या कागदांवरचे सगळ्यात जास्त प्रश्न दोन जीवनसत्त्वांविषयी असतात. एक बी-१२ आणि दुसरं डी.

‘काकू, माझं बी-१२ लाल आलंय, म्हणजे काय हो?’ असं कुणी विचारलं, की मी उलट विचारते, ‘तुम्हाला होतंय काय?’ पुष्कळदा उत्तर येतं, ‘होत काहीच नाही, पॅकेजमध्ये होतं म्हणून केलं.’ इथेच सगळी मेख आहे. तपासणी म्हणजे एका प्रश्नाचं उत्तर. प्रश्नच विचारलेला नसेल, तर हाती आलेल्या उत्तराचा अर्थ लावायचा कसा? आणि याच्या उलटही घडतं. प्रश्न डोळ्यांसमोर उभा असतो, पण ती साधी तपासणी करायचं कुणाच्या मनातच येत नाही. आमच्या नात्यात या दोन्ही गोष्टी घडल्या. म्हणूनच हे लिहायला बसले.

पायाखालचा कापूस

माझ्या सासूबाई मोठ्या दिरांकडे नाशिकला असायच्या. २०२२ च्या दिवाळीत त्या आमच्याकडे आल्या, तेव्हा त्यांचं वय ७४ होतं. जन्मभर शुद्ध शाकाहारी, दूधही चहापुरतंच. मधुमेह १२ वर्षांचा, पण गोळ्या वेळेवर घेणाऱ्या. आल्या त्या आठवड्यातच मला त्यांच्यात फरक जाणवला. चालताना त्या भिंतीला हात लावून चालत. चप्पल पायातून निसटून मागे राहिली तरी त्यांना कळत नसे. एकदा म्हणाल्या, ‘अगं, फरशीवर कुणी कापूस पसरून ठेवल्यासारखं वाटतं बघ.’ सकाळी बेसिनपाशी तोंड धुताना डोळे मिटले, की त्यांचा तोल जाई. एरवी दोन हातांनी फराळाचे डबे भरणारी ही बाई अनारशाचं प्रमाण विसरली होती. चिडचिड वाढली होती. नाशिकला सगळ्यांनी ‘वय झालं’ म्हणून सोडून दिलं होतं. ‘विसरायचा आजार’ हे शब्दही कुजबुजून बोलले जाऊ लागले होते.

आमच्या डॉक्टरांनी जीभ दाखवायला सांगितली. ती लाल, गुळगुळीत झाली होती. मग त्यांनी तीन प्रश्न विचारले. काय खाता? कुठल्या गोळ्या किती वर्षं घेता? मुंग्या आधी कुठे सुरू झाल्या? सासूबाई १२ वर्षं मेटफॉर्मिन घेत होत्या आणि वर अनेक वर्षं रोज सकाळी अॅसिडिटीची एक गोळी. डॉक्टरांनी मान डोलावली आणि फक्त दोन-तीन तपासण्या लिहून दिल्या.

रिपोर्ट आला. बी-१२ चा आकडा होता १४२ पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर. एक पिकोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. इतकं सूक्ष्म मोजायचं, हेच मुळात नवल. बहुतेक लॅब साधारण २०० ते ९०० हा पट्टा योग्य मानतात. २०० च्या खाली कमतरता आणि २०० ते ३०० हा सीमेवरचा भाग. काही रिपोर्टांत एकक पिकोमोल प्रति लिटर असतं. तिथे हेच २०० म्हणजे सुमारे १४८ होतात. म्हणून आकडा वाचण्याआधी त्याच्या शेजारचं एकक वाचायचं. दोन लॅबचे कागद शेजारी ठेवून ‘अरे, निम्म्यावर आलं की!’ म्हणून घाबरलेली माणसं मी पाहिली आहेत.

पण त्या रिपोर्टात मला वेगळंच कोडं पडलं. बी-१२ कमी झालं की लाल पेशी आकाराने मोठ्या होतात, हे मी पुस्तकात वाचलं होतं. रिपोर्टात पेशींच्या सरासरी आकाराचा आकडा असतो, त्याला एमसीव्ही म्हणतात. ८० ते १०० फेम्टोलिटर म्हणजे ठीक. सासूबाईंचा होता ८६. अगदी काळ्या अक्षरांत! मी डॉक्टरांना तसं विचारलं. ते म्हणाले, ‘लोह कमी असलं की पेशी लहान होतात, बी-१२ कमी असलं की मोठ्या. दोन्ही कमी असलं, तर सरासरी मध्येच येते.’ मग शरीरातला लोहाचा साठा सांगणारी फेरिटिनची तपासणी झाली. तोही खाली होता. शिवाय हिमोग्लोबिन फारसं उतरलेलं नसतानाही मज्जातंतूंचं नुकसान होऊ शकतं, हे त्यांनी समजावलं. ‘रक्त चांगलं आहे, म्हणजे बी-१२ चांगलं असेल,’ असं धरून चालता येत नाही ते यासाठी.

सासूबाईंना इंजेक्शनं सुरू झाली. आधी जवळजवळ, मग आठवड्याने, मग महिन्याने. मेटफॉर्मिन बंद केलं नाही. ‘साखरेची गोळी आपल्या मनाने थांबवायची नाही, बी-१२ भरून काढायचं,’ असं डॉक्टरांनी बजावलं. दीड महिन्यात त्यांच्या चेहऱ्यावरचा थकवा गेला. विसरणं पुष्कळ कमी झालं, स्वभाव पूर्वीसारखा झाला. भिंतीचा आधार सुटायला पाच महिने लागले. पायाच्या बोटांचा बधिरपणा मात्र राहिला, तो आजही आहे. तंतू फार दिवस उपाशी राहिले की सगळेच परत येत नाहीत. एका साध्या तपासणीला दोन वर्षं उशीर झाला, त्याची ही किंमत. ‘वय झालं’ हे दोन शब्द किती महाग पडतात, ते आमच्या घराने असं पाहिलं.

बी-१२ जातं कुठे?

हे जीवनसत्त्व झाडं बनवत नाहीत, प्राणीही बनवत नाहीत. ते बनवतात फक्त काही सूक्ष्म जीव. प्राण्यांच्या शरीरातून ते मांस, मासे, अंडी आणि दुधात येतं. आपल्याला दिवसाला लागतं जेमतेम दोन-अडीच मायक्रोग्रॅम. कपभर दुधात साधारण एक मायक्रोग्रॅम असतं. म्हणजे शाकाहारी माणसाने दूध, दही, ताक रोज पोटभर घेतलं, तर निभावतं. चहातल्या दोन चमच्यांवर निभावत नाही. काही जणी स्पिरुलिनाच्या गोळ्या मोठ्या विश्वासाने घेतात. त्यात बी-१२ सारखं दिसणारं जे द्रव्य असतं, ते आपल्या शरीराला बहुतांशी निरुपयोगी आहे.

खाल्लेलं बी-१२ रक्तात पोचायलाही बरेच सोपस्कार लागतात. आधी जठरातलं आम्ल ते अन्नापासून सोडवतं. मग जठरातच तयार होणारं एक प्रथिन त्याचा हात धरून त्याला लहान आतड्याच्या शेवटच्या भागापर्यंत नेतं आणि तिथे ते शोषलं जातं. वयाबरोबर आम्ल कमी होतं. अॅसिडिटीच्या गोळ्या ते आणखी कमी करतात. मेटफॉर्मिन शोषणात अडथळा आणतं. जठराची किंवा आतड्याची शस्त्रक्रिया झालेल्यांची वाट तर मध्येच तुटलेली असते. म्हणून मांसाहारी माणसालाही कमतरता होऊ शकते. यकृतात याचा साठा काही वर्षं पुरेल इतका असतो. त्यामुळे आजचा दोष आज दिसत नाही, तीन-चार वर्षांनी दिसतो आणि तोवर कारण कुणाच्या लक्षातही राहिलेलं नसतं.

सीमेवरचा आकडा आला, तर डॉक्टर आणखी दोन तपासण्या सांगू शकतात. होमोसिस्टीन आणि मिथाइलमॅलोनिक अॅसिड अशी त्यांची नावं. पेशींना बी-१२ पुरेसं मिळत नसेल, तर ही दोन्ही रक्तात साचतात. रक्तात किती आहे हे पहिला आकडा सांगतो. पेशींपर्यंत पोचतंय का, याचा अंदाज हे दोन देतात. मात्र मूत्रपिंडं मंदावलेली असली, तरी हे आकडे वाढतात आणि होमोसिस्टीन तर फोलेट कमी असलं तरीही वाढतं. कुठलाही आकडा एकटा उभा राहत नाही तो असा.

आणखी एक गोष्ट. इंजेक्शन घेतल्यावर दुसऱ्या दिवशी तपासणी केली, तर आकडा आभाळाला भिडलेला असणारच. त्यातून काहीच कळत नाही. म्हणून तपासणी करायची असेल, तर ती इंजेक्शन सुरू होण्याआधी. पुष्कळ ठिकाणी ‘अशक्तपणा’ म्हणून आधी लाल इंजेक्शन दिलं जातं आणि तपासणी नंतर होते. मग खरी कमतरता होती की नव्हती, हे कायमचं गुलदस्त्यात राहतं.

केसांच्या गोळ्यांनी घातलेला घोळ

आता दुसरी गोष्ट, बंगळूरची. माझी भाची २९ वर्षांची. नोकरी उत्तम, लग्न ठरलेलं. लग्नाआधी ‘सगळं एकदा बघून घेऊ’ म्हणून तिने ७० तपासण्यांचं पॅकेज केलं. रिपोर्टात थायरॉइडचं टीएसएच अगदी खाली, टी-फोर वर, बी-१२ मोजता येणार नाही इतकं जास्त आणि डी जीवनसत्त्व ७० च्या पुढे. पोरगी रात्रभर जागी. बी-१२ खूप जास्त असणं हे यकृताच्या किंवा रक्ताच्या आजाराचं लक्षण असू शकतं, असं तिने कुठेसं वाचलं होतं. सकाळी माझ्या बहिणीचा रडवेला फोन आला, ‘ताई, लग्न पुढे ढकलावं का गं? त्यांच्याकडे काय सांगायचं?’

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तिला आधी नीट तपासलं. छातीत धडधड नाही, वजन घटलेलं नाही, हात थरथरत नाहीत. मग विचारलं, ‘केसांसाठी काही घेतेस का?’ ती घेत होती. बायोटिनच्या गोळ्या, रोज एक, १० मिलिग्रॅमची. बायोटिन हेही एक ब जीवनसत्त्व. त्याची रोजची गरज ३०-४० मायक्रोग्रॅम, म्हणजे ती गोळी गरजेच्या अडीचशे-तीनशेपट.

यात बायोटिनने तिच्या शरीराला काही केलं नव्हतं. त्याने फसवलं होतं यंत्राला. कित्येक लॅबमधल्या रसायनांत बायोटिनचाच चिकटपणा वापरून मोजणी केली जाते. रक्तात बायोटिनचा पूर असला, की काही तपासण्यांचे आकडे खोटेच वाढतात. टी-फोर, बी-१२, डी यांचं असं होतं. टीएसएचसारख्या काहींचे खोटेच घटतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये याविषयी जाहीर इशारा दिला होता. सगळ्याच लॅबची पद्धत अशी नसते, पण आपल्या लॅबची कुठली, ते आपल्याला कुठे ठाऊक असतं?

आठवडाभर गोळ्या थांबवून पुन्हा रक्त दिलं. थायरॉइड उत्तम, बी-१२ ४१०. आणि डी? ते निघालं १६! म्हणजे पहिल्या रिपोर्टाने जे नव्हतं त्याची भीती घातली आणि जे होतं ते झाकून ठेवलं. सकाळी अंधारात निघून संध्याकाळी परतणाऱ्या, दिवसभर काचेच्या इमारतीत बसणाऱ्या मुलीला ऊन मिळणार कुठून? लग्न ठरल्या तिथीलाच झालं, हे सांगायला नकोच.

या निमित्ताने लाल अक्षरांचं एक साधं गणितही सांगते. ‘नॉर्मल’ पट्टा ठरवतात कसा? बहुतेक तपासण्यांत निरोगी माणसांचे आकडे घेऊन मधले ९५ टक्के ‘नॉर्मल’ धरतात. म्हणजे अगदी धडधाकट १०० माणसांतली ५ त्या पट्ट्याबाहेर असणारच. आता एकमेकींशी संबंध नसलेल्या अशा २० तपासण्या एका निरोगी माणसावर केल्या, तर त्यातली निदान एक तरी लाल येण्याची शक्यता किती? १०० पैकी ६४! मग ७० तपासण्यांत एकही लाल आलं नाही, तर तेच नवल म्हणायचं. लाल अक्षर म्हणजे आजार नव्हे. ‘इथे एकदा बघा,’ एवढाच त्याचा अर्थ.

डी: किती म्हणजे पुरेसं?

डी जीवनसत्त्वाची गोष्ट याहून गुंतागुंतीची. रिपोर्ट हातात आला, की आधी तपासणीचं नाव वाचा. ते २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी असायला हवं. शरीरातला साठा तेच सांगतं. १,२५-डायहायड्रॉक्सी अशीही एक तपासणी आहे. ती मूत्रपिंडाच्या किंवा कॅल्शियमच्या विशेष आजारांत लागते. साठा रिकामा असतानाही हा दुसरा आकडा नॉर्मल किंवा जास्तसुद्धा येऊ शकतो. म्हणून नावातला तो १ बघून घ्यायचा.

मग एकक. आपल्याकडे बहुधा नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर असतं. परदेशातल्या मुलाने त्याचा रिपोर्ट नॅनोमोलमध्ये पाठवला, तर त्याला अडीचने भागा. त्याचे ५० म्हणजे आपले २०.

आता मुख्य प्रश्न, किती हवं? यावर तज्ज्ञांतच एकमत नव्हतं. २०११ मध्ये अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने सांगितलं, की २० नॅनोग्रॅम जवळजवळ सगळ्यांच्या हाडांना पुरेसे आहेत. त्याच वर्षी तिथल्याच एंडोक्राइन सोसायटीने ३० ची रेघ ओढली. पुष्कळ लॅबनी ३० धरली. त्यामुळे २३ किंवा २६ आकडा आलेली असंख्य माणसं एका रात्रीत ‘अपुरी’ ठरली. पुढे २०२४ मध्ये त्याच एंडोक्राइन सोसायटीने ३० च्या रेघेचा आग्रह सोडला आणि निरोगी प्रौढांची सरसकट डी तपासणी करू नये, असंही म्हटलं. लॅबच्या छापील कागदावर मात्र पुष्कळ ठिकाणी जुनीच रेघ दिसते. १२ च्या खाली आकडा असेल, हाडं दुखत असतील, जिना चढताना मांड्यांत जोर राहत नसेल, तर ती गोष्ट वेगळी. तिथे उपचार हवाच. लहान मुलांचे पाय वाकू लागले, म्हातारपणी साध्या पडण्याने हाड मोडलं, तर डॉक्टर हा आकडा बघतातच. पण ठणठणीत माणसाने २४ आकड्यापायी झोप उडवून घ्यायचं कारण नाही.

ऊन घेतो म्हणतात, पण बंद खिडकीच्या काचेआड बसून त्याचा उपयोग नाही. त्वचेत डी बनवणारे किरण साधी काच अडवते. कोवळ्या उन्हातही ते कमीच. सूर्य वर आलेला असताना, आपली सावली आपल्याहून आखूड असताना ते भरपूर असतात. सावळ्या त्वचेला गोऱ्या त्वचेपेक्षा जास्त वेळ लागतो. मात्र भाजून घ्यायचं नाही. हातपाय उघडे ठेवून थोडा वेळ उन्हात राहिलं तरी बरंच होतं. आहारात अंड्याचा बलक, तेलकट मासे आणि डी मिसळलेलं दूध उपयोगी. निळ्या रंगातली ‘प्लस एफ’ खूण पिशवीवर असेल, तर त्या दुधात अ आणि डी जीवनसत्त्वं घातलेली असतात.

साठ हजारांची पुडी

डी बद्दल आणखी एक सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. माझी नणंद इंदूरला असते. तिच्या यजमानांना डी कमी निघालं आणि डॉक्टरांनी ६० हजार युनिटची पुडी आठवड्याला एक, आठ आठवडे, अशी लिहून दिली. पुड्यांनी पाठ हलकी झाली. शेजारच्या गृहस्थांनी सांगितलं, ‘जीवनसत्त्वच तर आहे, रोज घ्या, अपाय कसला?’ आणि त्यांनी ती रोज सुरू केली. तीन महिने कुणाला पत्ता नव्हता. मग तहान लागू लागली, मळमळ, बद्धकोष्ठ, रात्री चार-चारदा लघवी. एके दिवशी स्वतःच्याच घराची गल्ली त्यांना सापडेना. दवाखान्यात नेलं तेव्हा रक्तातलं कॅल्शियम १३ च्या वर होतं. ते साडेदहाच्या आत असायला हवं. डी चा आकडा १८० च्या घरात. मूत्रपिंडांवर ताण आला होता. आठ दिवस सलाइनवर काढले, तेव्हा माणूस हाती लागला.

ब आणि क जीवनसत्त्वं पाण्यात विरघळतात. जास्त झालेली बहुतेक लघवीवाटे निघून जातात. डी चरबीत विरघळतं आणि साठून राहतं. घेणं थांबवलं तरी ते आठवडे-महिने रेंगाळतं. म्हणून पुडीवर ‘आठवड्याला एक’ लिहिलं असेल, तर भिंतीवरच्या कॅलेंडरवर रविवारी खूण करा आणि ठरलेले आठवडे संपले की थांबा. पुन्हा तपासायचं तर साधारण तीन महिन्यांनी. पंधरवड्याने तपासलं, तर आकडा अजून हलतच असतो.

मुंबईच्या गिरण्यांतली एक गोष्ट

जीवनसत्त्व रक्तात मोजायची सोय नव्हती, तेव्हा काय करत असतील? याचं उत्तर आपल्या मुंबईतच आहे. लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरीणबाई १९२८ मध्ये मुंबईत आल्या. कापड गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर बायकांना एक भयंकर पंडुरोग व्हायचा आणि त्यात मृत्यूही व्हायचे. विल्सबाईंनी त्या बायका काय खातात, कशा राहतात, हे बारकाईने पाहिलं. परळच्या हाफकिन संस्थेत प्राण्यांवर प्रयोग केले. शेवटी त्यांना उपाय सापडला तो यीस्टपासून बनणाऱ्या मार्माइट नावाच्या स्वस्त खाद्यपदार्थात. हे त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केलं. त्यात काय आहे हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. पुढे १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून ते द्रव्य वेगळं केलं गेलं आणि पानाच्या लॅटिन नावावरून त्याला फोलिक अॅसिड म्हणू लागले. आज गरोदर बाईला जी गोळी पहिल्या भेटीतच मिळते, तिची मुळं अशी आपल्या गिरणगावात आहेत.

त्या बाईंच्या हातात आकडा नव्हता. होता तो प्रश्न: ‘ही बाई खाते काय?’ आमच्या डॉक्टरांनी सासूबाईंना विचारलेला पहिला प्रश्न तोच होता. यंत्रं कितीही आली, तरी त्या प्रश्नाची जागा कुठलंही यंत्र घेत नाही.

याच फोलिक अॅसिडबद्दल एक सावधगिरी. बी-१२ कमी असताना नुसतं फोलिक अॅसिड भरपूर घेतलं, तर रक्त सुधारतं, पण मज्जातंतूंचं नुकसान आतल्या आत चालूच राहतं. रिपोर्ट गोजिरा दिसतो आणि पाय बधिर होत जातात. म्हणून ‘रक्तवाढीच्या गोळ्या’ आपल्या मनाने महिनोन्महिने घेऊ नयेत.

रक्त देण्याआधी आणि नंतर

माझ्याकडे येणाऱ्यांना मी पुढच्या गोष्टी एका कागदावर लिहून देते. तुम्हीही हव्या तर उतरवून घ्या.

रक्त देण्याआधी आपल्याला काय होतंय, ते दोन ओळींत लिहा. मुंग्या, थकवा, तोंड येणं, तोल जाणं, हाडं दुखणं, आणि हे कधीपासून. रोजच्या सगळ्या गोळ्यांची यादी करा. त्यात केसांच्या, ताकदीच्या, आयुर्वेदिक, मुलाने परदेशातून पाठवलेल्या, सगळ्या आल्या. बायोटिन घेत असाल तर डॉक्टरांना सांगा आणि त्यांच्या सल्ल्याने काही दिवस आधी थांबवा. बी-१२ ची गोळी किंवा इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं, ती तारीख लिहा. उपाशीपोटी यायचं का, ते लॅबला आधी विचारा. डी साठी उपास लागत नाही. लॅबकडे एनएबीएलची मान्यता आहे का ते बघा आणि पुन्हा तपासायचं झालं तर शक्यतो त्याच लॅबमध्ये, कारण पद्धत बदलली की आकडाही थोडा बदलतो.

रिपोर्ट आल्यावर आधी नाव आणि वय आपलंच आहे ना, ते पाहा. हसू नका, नळ्यांची अदलाबदल जगात सगळीकडे होते. मग एकक, मग पट्टा, मग आकडा. सीमेच्या जरा अलीकडे-पलीकडे असेल, तर घाबरू नका. फार दूर असेल, किंवा तुमच्या तब्येतीशी अजिबात जुळत नसेल, तर पुन्हा तपासून घ्यायचा आग्रह धरा. आणि आकडा काळ्या अक्षरांत आला, पण त्रास तसाच आहे, तर ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ एवढ्यावर परत फिरू नका. त्रास खरा असतो. आकडा त्याची फक्त एक बाजू दाखवतो.

ज्यांनी वाट न पाहता डॉक्टरांना बी-१२ विषयी विचारावं, अशी माणसं आपल्या प्रत्येकाच्या घरात आहेत. दूधही न घेणारे शाकाहारी, वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन किंवा अॅसिडिटीच्या गोळ्या घेणारे, पोटाची मोठी शस्त्रक्रिया झालेले, साठी उलटलेले आणि शाकाहारी गरोदर बायका. आईत बी-१२ कमी असलं, तर अंगावर पिणाऱ्या बाळालाही ते कमीच मिळतं, आणि बाळाची वाढ थांबून राहत नाही.

आज संध्याकाळी घरातल्या वडीलधाऱ्यांजवळ जरा निवांत बसा. त्यांना विचारा, पायाला फरशी नीट लागते का? डोळे मिटून तोंड धुताना झोक जातो का? दिवसभरात दूध-दही किती पोटात जातं? उत्तर ऐकून शंका आली, तर सवलतीच्या पॅकेजची वाट बघू नका. डॉक्टरांकडे जा, हे सगळं त्यांना सांगा आणि त्यांनी सांगितली तर तेवढीच एक तपासणी करा.